आबांची पिवळी रेघ

रेडा फाटकातून आत आला तेव्हा सून कपबशा विसळत होती. तिने त्याला आधी ऐकलं, मग पाहिलं. इंजिनाचा घुमा आवाज नेहमीचाच, पोटातून येणारा. त्याचं काही नाही. पण धाकट्या दिराने ब्रेक दाबला आणि त्या घुमण्याखालून दुसराच एक आवाज निघाला. टक्. बंद दारावर कोणीतरी एकदाच टिचकी मारावी आणि मग दबा धरून उभं राहावं, तसा.

रेडा म्हणजे गाडी. जुन्या जमान्यातली, दोन दारांची, लांब नाकाची, काळी कुळकुळीत. बॉनेटखाली आठ सिलिंडर आणि अंगात मस्ती. सुरू झाली की शेजारच्या शिंप्याच्या कात्र्या मेजावर थरथरायच्या. नाव गल्लीने ठेवलं होतं. रेडा कोणाचं वाहन हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात ते कोणी उच्चारत नसे. एकटा दीर तेवढा हसण्यावारी न्यायचा.

"वहिनी, चहा टाका! यमाला उसना दिला होता, परत आणलाय."

"भावजी, जिभेला काही हाड? तो उसनं घेतलेलं परत देत नसतो," ती हात पुसत बाहेर आली. "आणि ब्रेक दाबला की काय वाजतंय?"

"वाजतंय थोडं. आणि ओढतोय एका बाजूला. म्हातारा झालाय, म्हाताऱ्यांची हाडं वाजायचीच."

"कोणाची हाडं वाजतात?" गॅरेजच्या आतून आबा आले. सासरे. अंगात तेलकट निळा झगा, कानामागे खडू, पाठीत जरासा वाक. त्यांनी दिराकडे पाहिलंही नाही. सरळ रेड्यापाशी गेले, बॉनेटवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग दोन्ही हातांनी नाक दाबून गाडी खाली-वर हलवली आणि कान वाकडा करून ऐकलं.

"बुश गेलेत. पुढचे सगळे. किती दिवस चालवतोयस असा?"

"चालत होता म्हणून चालवत होतो."

"पडेपर्यंत सगळेच चालतात, बाळा."

घाटापलीकडच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. दिराने महिनाभर त्याचंच तुणतुणं लावलं होतं. रेडा तिथे न्यायचा, आणि बाजूच्या सीटवर आबा. भंगारातून ही गाडी आबांनीच उभी केली होती, सासूबाई हाताशी असताना. त्या गेल्या, गाडी राहिली. आबा त्या गाडीत बसून घाट चढणार म्हटल्यावर सुनेला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण आनंदाच्या पदराला एक काटा अडकला होता, आणि तो तिने कोणालाच दाखवला नव्हता.

आबा विसरायला लागले होते.

चष्मा ग्रीसच्या डब्यात सापडला, तेव्हा ती हसली होती. चहा पिऊन झाल्यावर "आज चहा नाही का?" असं विचारलं, तेव्हा तिने मुकाट्याने दुसरा कप दिला. पण एका सकाळी आबा फाटकाशी कुलपाची किल्ली घेऊन उभे होते, आणि किल्लीकडे असे बघत होते की परक्याच्या घरातली वस्तू चुकून हातात आली आहे. तिला पाहून म्हणाले, "अगं ऐकतेस का, हे कुठलं गं?" ती हाक ते सासूबाईंना मारायचे. सुनेने किल्ली हातातून घेतली, कुलूप उघडलं, आणि "गंजलंय मेलं, तेल घालायला हवं," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती आबांच्या एक पाऊल पुढे चालू लागली. नट आवळायचे पाने रात्रीच ओळीने मांडून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की आबांच्या आधी आपणच बोलायची, म्हणजे त्यांना नाव आठवावं लागू नये. नवरा वर्षातला मोठा काळ जहाजावर, तिथल्या इंजिनांत बुडालेला. फोनवर विचारायचा, "आबा कसे?" ती म्हणायची, "ठणठणीत." पाण्यावरच्या माणसाला बुडण्याच्या गोष्टी कशाला सांगायच्या?

काम सुरू झालं की मात्र आबांचे हात सगळं आठवायचे. हीच तर तिची फसगत होती.

रेडा जॅकवर चढला. पुढची चाकं निघाली. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे दोन-दोन लोखंडी हात असतात, एक वर, एक खाली. त्यांना आर्म म्हणतात. त्या हातांच्या खांद्यात रबराचे बुश बसवलेले असतात, म्हणजे हात वर-खाली व्हावा पण खडखडू नये. माणसाच्या खांद्यात गादी असते तशीच ही. वरच्या आणि खालच्या आर्मच्या मधे जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली. तिला साखळीने बांधल्याशिवाय आबा कोणाला हात लावू देत नसत.

"ही कोंडलेली सवत आहे," ते दिराला म्हणाले. "दार उघडण्याआधी बाजूला हो. ती बाहेर आली की समोर जो असेल त्याचा."

स्प्रिंग हळूहळू सैल झाली आणि साखळीत लटकली. आर्म बाहेर आले. सुनेने ते दाब देणाऱ्या प्रेसखाली धरले आणि जुने बुश एकेक करून ढकलून काढले. रबर रबर राहिलंच नव्हतं. एक बुश तर हातात येताच फुटला, काळा चुरा तिच्या तळव्यावर पसरला. आबांनी त्यातली चिमूट बोटांत घेतली आणि बराच वेळ चोळत राहिले.

"बाहेरून बघ, लोखंडी कडं कसं शाबूत आहे," ते म्हणाले. "कोणी म्हणेल का आत एवढी माती झालीय?"

चुरा झटकायला सून मोरीकडे गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हात धूत राहिली.

नवे बुश बसले. आर्म जागेवर गेले, बोल्ट घातले. दिराने पाना उचलला तसे आबा गरजले, "ठेव खाली!"

"आबा, आवळून टाकतो ना. तेवढंच काम उरकतं."

"चाक लोंबतंय ना अजून? लोंबत्या चाकाने आवळलंस तर रबर तिथेच जखडतं. मग गाडी खाली टेकली की जन्मभर पीळ घेऊन बसतं, आणि एक दिवस फाटतं. आधी पाय टेकवायचे, अंगावर भार घ्यायचा, मग गाठ मारायची. तुझ्या आईने गाणं रचलं ते काय झोपाळ्यावर बसून म्हणायला?"

"लग्नाचं दिसतंय," दीर सुनेकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला. "भार घेतल्यावर गाठ."

"तुम्ही म्हणून मोकळेच राहिलात," सून म्हणाली, आणि आबाही हसले.

या गॅरेजची एक रीत होती. खोलायचं कोणीही, बसवायचं कोणीही. पण शेवटची ओढ आबांची. बोल्ट हाताने बसतील एवढेच ठेवायचे, चाकं लावायची, गाडी खड्ड्यावरच्या फळ्यांवर आणून टेकवायची, नाकाला धरून खूप हलवायची, म्हणजे सगळं आपापल्या जागी निजतं. मग आबा पाना घेऊन खड्ड्यात उतरायचे. गाडीच्या पोटाखाली उभे राहून एकेक नट आवळायचे. आणि आवळला की पिवळ्या रंगात बारीक ब्रश बुडवून नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायचे. पुढे कधी नट जागचा हलला तर रेघ तुटते. रेघ अखंड, म्हणजे नट जिथल्या तिथे.

त्या रेघेला गावात शब्दाची किंमत होती. गाडी विकत घेणारे वाकून बघायचे आणि विचारायचे, "आबांची रेघ आहे ना?" कोणत्या गाडीचं काय केलं याची गॅरेजमध्ये कधी नोंद ठेवली गेली नाही. कशाला ठेवायची? रेघ होती. आणि आबांच्या रेघेवर पुन्हा पाना लावून बघणं ही गोष्ट या घरात कोणाच्या मनातही आली नव्हती. बापाने भरवलेला घास कोणी हुंगून बघतो का?

त्या दुपारी आबा खड्ड्यात उतरले. वरच्या आर्मचे नट त्यांनी बॉनेट उघडून आधीच आवळून ठेवले होते. आता खालचे चार राहिले होते. सून रॉकेलच्या घमेल्यात पाने धूत बसली होती. खालून गाणं आलं. सासूबाईंनी याच खड्ड्याच्या काठावर बसून जुळवलेलं, आबांच्या घोगऱ्या आवाजातलं. प्रत्येक नटाला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी ओढ.

*आधी टेकू दे गं पाय, मग मारू दे गं गाठ,*

कर्र. लोखंडाचा तो दातओठ खाल्ल्यासारखा आवाज.

*लोंबत्या जिवाची बाई, कशी सरावी गं वाट.*

कर्र.

"आबा!" दीर गाडीत बसून ओरडला. "हॉर्नचं बघा ना! दोन भोंग्यांतला एकच बोलतोय, दुसरा रुसलाय."

आबा वर आले. भोंग्याची तार खरवडली, जोडली, दोन्ही भोंगे एकदम बोंबलले, शिंपी दुकानातून शिव्या देत बाहेर आला. त्या गडबडीत हसणं झालं, पाणी पिणं झालं. मग आबांनी रंगाची डबी आणि ब्रश घेतला आणि ते पुन्हा खड्ड्यात गेले. या वेळी शीळ घालत होते.

सुनेचा हात घमेल्यात थांबला. काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं. पण आत दूध ठेवलेलं होतं. उतू जाण्याचा चर्रर्र आवाज आला आणि ती पदर खोचत पळाली. परत आली तेव्हा आबा चाकांना दोरी लावून ती सरळ करत होते. खाली पिवळ्या रेघा ओल्या होत्या.

*

सकाळी आकाश खाली आलं होतं. डोंगराचा माथा दिसत नव्हता. गल्लीत पाखरं बोलत नव्हती, किंवा सुनेला तसं वाटलं. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, केस पाण्याने चापून बसवले होते. ते बाजूच्या सीटवर बसले आणि लहान पोरासारखी दाराची काच खाली-वर करून पाहिली.

"वहिनी, डबा?"

"मागे ठेवलाय. आणि भावजी, घाटात मस्ती नको. तुमच्या शेजारी कोण बसलंय ते लक्षात ठेवा."

"माझ्या शेजारी बसलेत म्हणूनच तर भीती नाही. गाडीखाली बघा, रेघांची दिवाळी आहे."

रेडा खड्ड्यावरून मागे सरकला. कालपासून पहिल्यांदाच हलला होता. फाटकाशी दिराने ब्रेक दाबला.

टक्.

सुनेने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. दीर आरसा नीट करत होता. आबा समोर बघत होते. कोणी ऐकलंच नाही? की हे तिच्याच कानाने घडवलं?

"थांबा!" ती म्हणाली. "वाजलं काहीतरी."

"नवं रबर आहे, बसतंय अजून," आबा म्हणाले.

तसंही असू शकतं. नवं रबर कुरकुरतं, तिला माहीत होतं. पण कुरकुरणं वेगळं आणि टकटकणं वेगळं. कुरकुरतो तो घरातला असतो. टकटक करतो तो बाहेरचा.

"परत खड्ड्यावर घ्या. मी बघते."

"काय बघतेस?" आबांचा आवाज मऊच होता, पण त्यांची मान वळली आणि नजर तिच्यावर येऊन थांबली. "माझी रेघ बघतेस?"

दिराच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर अडकलं. ती आबांच्या डोळ्यांत बघत होती आणि तिथे तिला राग दिसला नाही. तिथे भीती होती. खड्ड्यात पाय टाकण्याआधीची. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. ती झाकत होती आणि तेही झाकत होते. एकाच पांघरुणाची दोन टोकं दोघांनी धरली होती.

सोडून द्यावं, असं तिच्या मनात आलं. हात हलवून निरोप द्यावा. कशाला म्हाताऱ्या माणसाचा पानउतारा, तोही असा, रस्त्यात, धुतलेल्या सदऱ्यात? मग तिच्या डोळ्यांपुढे घाट आला. वळणं, उतार, ढगात बुडालेले कठडे. आणि प्रत्येक वळणावर ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला ती टिचकी.

"रेघ नाही हो आबा," ती म्हणाली. "तेल गळल्यासारखं दिसलं. तेवढं पुसते नि सोडते."

खोटं बोलताना तिचा आवाज हलला नाही. सवय झाली होती.

रेडा पुन्हा फळ्यांवर आला. इंजिन बंद झालं. ती टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरली आणि गाडीचं काळं पोट तिच्या डोक्यावर आलं. चारही रेघा होत्या. अखंड, ठसठशीत, पिवळ्याधमक. एकही तुटलेली नव्हती. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो अर्ध्यावरच परत आत गेला.

आबांचा पाना जुना होता, झिजलेला. तो नटाला धरायचा तेव्हा कोपऱ्यांना चावायचा. आवळलेल्या नटाच्या कडा चांदीसारख्या चकाकायच्या. उजवीकडचे दोन नट चकाकत होते. डावीकडच्या दोघांच्या कडा काळ्या होत्या. त्यांच्यावर तिच्याच बोटांचे तेलाचे ठसे होते, काल बोल्ट घालताना उमटलेले. वरून सुंदर, सरळ, पिवळी रेघ.

तिने हात पुढे केला. या घरात आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. तो फिरला. फणी केसांतून फिरावी तितक्या सहज. रेघ मधोमध तुटली.

वर, फळी आणि गाडी यांच्या फटीतून तिला आबांच्या चपला दिसत होत्या. ते गाडीतून उतरून खड्ड्याच्या काठावर उभे होते.

आता आवळायचं होतं. पण पाना लावला की कर्र वाजणार. त्या आवाजाला गाण्याशिवाय दुसरं पांघरूण तिला सुचलं नाही. तिने कोनाड्यात ठेवलेला दुसरा पाना चढवला, पाय खड्ड्याच्या भिंतीला रोवले, आणि हळू आवाजात सासूबाईंची तिसरी ओळ म्हटली.

*भार पडू दे गं अंगी, मग कळेल गं जोर,*

कर्र.

वरच्या चपला हलल्या नाहीत. गॅरेजमध्ये एवढी शांतता झाली की तापलेल्या इंजिनाचं निवणं ऐकू येत होतं. तिने दुसरा नट धरला. चौथी ओळ तिला कधीच आवडायची नाही. सासूबाई ती म्हणताना खालच्या आवाजात म्हणायच्या.

*सैल राहिली जी गाठ, तिला दरीचा गं घोर.*

कर्र.

चपला पायऱ्यांकडे वळल्या. आबा खाली आले, एकेक पायरी चाचपत. अरुंद खड्ड्यात दोघं समोरासमोर उभे राहिले, डोक्यावर रेडा. आबांनी तुटलेली रेघ पाहिली. मग अंगठ्याने तिच्यावरून हात फिरवला.

"मी म्हटलं होतं गाणं," ते म्हणाले. "म्हटलं होतं ना?"

"दोन ओळी म्हटल्या होत्या, आबा."

"आणि मग?"

"मग हॉर्न वाजला."

आबा रडतील असं तिला वाटलं, पण ते रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचं भान परत आलं. तोच चेहरा, जो बॉनेटवर तळवा ठेवून आतलं दुखणं ओळखायचा.

"पोरी," ते म्हणाले, "बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्या कोण?"

"ज्या गाड्या गेल्या. पावसाळा सरल्यापासून. त्यांच्या रेघा मीच ओढल्या ना?"

कोणत्या गाड्या? वहीत काही नव्हतं, वहीच नव्हती. आबांच्या डोक्यात होतं ते विरत चाललं होतं. राहता राहिले सुनेचे कान. कोणत्या दिवशी गाणं पुरं झालं होतं? पाववाल्याच्या टेम्पोच्या वेळी झालं होतं, तिला आठवत होतं, पाववाला खाली वाकून दाद देत होता. दूधवाल्याच्या गाडीच्या वेळी ती बाजारात गेली होती. आणि मावशीच्या व्हॅनच्या वेळी... तिने डोळे मिटले. घमेलं, रॉकेलचा वास, मावशीची अखंड बडबड. आबा खड्ड्यात. मावशी त्यांना काहीतरी विचारत होती, ते उत्तरं देत होते. आणि मग शीळ.

"मावशीची व्हॅन," ती म्हणाली.

व्हॅनवाली मावशी डोंगरावरच्या वस्तीतली मुलं रोज सकाळी खाली शाळेत आणायची. आत्ता, याच वेळी.

"फोन लावा!" ती वर येत ओरडली. दिराने लावला. वाजत राहिला. मावशी शहाणी बाई. गाडी चालवताना फोन उचलत नसे. सगळे तिचं त्यासाठी कौतुक करायचे.

दिराच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तुटलेल्या पिवळ्या रेघा त्यानेही वाकून पाहिल्या होत्या.

"तुम्ही दोघं जा वर," आबा म्हणाले. त्यांनी आपला झिजलेला पाना सुनेच्या हातात दिला. आजवर तो त्यांनी तिच्या नवऱ्याला दिला नव्हता, दिरालाही नाही. "मी फाटकात उभा राहतो. माझी म्हणून जी गाडी दिसेल ती थांबवतो."

"आबा, तुम्हाला कळेल का कुठली..."

"नाही कळणार," ते म्हणाले. "म्हणून सगळ्याच थांबवतो."

*

रेडा घाट चढू लागला. चढताना पुढून एक अक्षर निघत नव्हतं. चारही गाठी आता पक्क्या होत्या. एरवी दीर बोलून बोलून डोकं उठवायचा, आज तो स्टिअरिंगवर वाकून रस्ता शोधत होता. ढग रस्त्यावर उतरला होता. पिवळे दिवे त्यात दोन हातांपलीकडे पोचत नव्हते. कठड्याचे दगड एकेक करून ढगातून यायचे आणि ढगात जायचे, माना खाली घातलेल्या माणसांसारखे.

"वहिनी, आबांचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

तिने मांडीवरच्या पान्यावरची पकड घट्ट केली. "तुम्हालाही माहीत होतं, भावजी. तुम्ही थट्टेवर न्यायचात, मी पदराखाली घ्यायची."

रुंद वळण आलं तसं ती म्हणाली, "इथे थांबवा. इंजिन बंद करा."

घाट एकदम मुका झाला. पाणी कुठेतरी दगडावर ठिबकत होतं. मग वरून, ढगातून, मुलांचा गलका आला. एक मूल काहीतरी म्हणत होतं आणि बाकीची साथ देत होती. इंजिनाचा आवाज जवळ आला. वळणाआधीचा ब्रेक.

टक्.

सून दार उघडून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर, उजव्या हातात पाना. मागून दीर भोंगे वाजवत सुटला, काल दुरुस्त केलेले दोन्ही भोंगे. ढग फाटला आणि व्हॅनचं तोंड बाहेर आलं. मावशीने तिला पाहिलं, ब्रेक दाबला, आणि व्हॅनचं नाक दरीकडे ओढलं गेलं. हातभर. आणखी हातभर. कठड्याला खरचटत ती थांबली.

आत मुलं खिदळली. त्यांना मजा वाटली होती.

"डोकं फिरलं का गं बये!" मावशी खिडकीतून ओरडली. "मेली असतीस की! आणि ही गाडी अशी का ओढते? आबांनाच दाखवायला आणणार होते आज!"

"मुलांना उतरव, मावशी. त्या भिंतीशी उभी कर."

सुनेचा आवाज ऐकून मावशीने लगेच दार सरकवलं.

चाकं जमिनीवर टेकलेलीच होती. दिराने त्यांना दगड लावले. सून ओल्या रस्त्यावर पाठ टेकून व्हॅनखाली सरकली. टॉर्चच्या उजेडात पिवळी रेघ दिसली. तुटलेली म्हणावी, तर नटच नव्हता. जिथे तो असायला हवा तिथे रेघेचा अर्धा तुकडा लोखंडावर उरला होता, उरलेला अर्धा घाटात कुठेतरी पडला होता, आणि बोल्ट भोकातून बोटभर बाहेर येऊन थांबला होता.

तिने तो तळव्याने आत ढकलला. दिराकडे हात केला; त्याने रेड्याच्या डिकीतल्या डब्यातून त्या मापाचा नट शोधून दिला. चारही नट आवळायला तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एकही ओळ न गाळता, आणि भिंतीशी उभी असलेली मुलं हे काय नवीन म्हणून ऐकू लागली. चौथ्या ओळीला एका मुलाने सूर धरला.

ती बाहेर आली, उठली, पाठीचा चिखल न पुसता उभी राहिली. खाली गावात फाटकाशी एक म्हातारा प्रत्येक गाडीला हात करत असेल, आणि लोक हसून पुढे जात असतील. आबांची रेघ असल्यावर थांबायचं कशाला?

"हो बाजूला," मावशी म्हणाली. "वरून येतंय कोणीतरी."

सुनेने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ऐकू लागली. ढगातून दुधाच्या किटल्यांची किणकिण उतरत होती.